सात दिवसांची कुळे

आफ्रिकेहून परतून आम्हांला तीन दिवसही झाले नव्हते. बॅगा अजून पुरत्या रिकाम्या व्हायच्या होत्या, दोनदा धुतलेल्या कपड्यांतूनही तांबूस माती निघतच होती, आणि संध्याकाळी आमचे शेजारी अण्णा नेहमीप्रमाणे ओट्यावर येऊन बसले. अण्णांचे सारे आयुष्य एस.टी.च्या हिशेब खात्यात गेले. निवृत्त होऊन बारा वर्षे लोटली, तरी कुठल्याही गोष्टीच्या उजव्या बाजूला आकडा लिहिल्याखेरीज त्यांना ती गोष्ट नीट दिसत नाही. चहाचा पहिला घोट घेऊन त्यांनी विचारले,

"काय मास्तर, पैसे वसूल झाले का?"

मी मोठ्या तोऱ्यात म्हटले, "झाले म्हणजे काय! एकतीस सिंह पाहिले, अण्णा."

अण्णांनी डोळे मिटून घेतले. ते मनातल्या मनात भागाकार करीत आहेत हे ओळखायला मला वेळ लागला नाही. आम्हां उभयतांचे सात दिवसांचे ५,८०,००० रुपये झाले होते, आणि हा आकडा जाण्यापूर्वी मीच त्यांना मोठ्या कौतुकाने सांगितला होता.

"दर सिंहाला अठरा हजार सातशे दहा," डोळे उघडून अण्णा म्हणाले. "हत्ती धरलेले नाहीत."

"मग हत्ती धरा की!"

"किती होते?"

हत्ती मी मोजले नव्हते. अण्णांनी निराशेने मान हलवली. "बिबट्या?"

"बिबट्या नाही दिसला."

"अरेरे," अण्णा म्हणाले, "म्हणजे थोडे राहिलेच."

घरातून सौ.चे हसणे ऐकू आले. मीही हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तो भागाकार काही डोक्यातून जाईना. हे पैसे माडीवर एक खोली चढवायची म्हणून बाजूला ठेवलेले होते. त्यांत एका कादंबरीचे हक्क विकून आलेली रक्कम होती आणि सौ.ने बारा वर्षे भिशीतून जमवलेली रक्कम होती. खोलीऐवजी आफ्रिका, असा निर्णय आम्ही दोघांनी घेतला तेव्हा नात्यातल्या एकालाही तो पटला नव्हता. तेव्हा अण्णांचा प्रश्न मला बोचला यात नवल नाही. पण मला जास्त बोचत होता तो त्यांचा शब्द.

वसूल हा शब्द दप्तरातला आहे. सारा वसूल होतो, थकबाकी वसूल होते, कर्ज वसूल होते. ज्याच्याकडे आपले येणे आहे त्याच्याकडून ते घ्यायचे, म्हणजे वसूल करायचे. मग सात दिवस गाडीत बसून मी रानोमाळ हिंडलो तेव्हा मी कुणाचा घेणेकरी होतो? सिंहांकडे माझे काय येणे होते? अंधारात पडल्या पडल्या हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि मला नदीवरची ती दुपार आठवली. अण्णांना ती गोष्ट मी सांगितली नव्हती. सौ.लाही तिचा विषय काढलेला आवडत नाही. पण ती सांगितल्यावाचून पुढचे काही सांगता येणार नाही.

तत्पूर्वी 'सफारी'विषयी दोन शब्द. आमच्या लहानपणी सफारी म्हणजे लग्नात वरपित्याने शिवून घेतलेला तपकिरी पोशाख. पुढे कळले की शब्द पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला आणि तिथे तो अरबीतून गेलेला. आपल्याकडे आलेला 'सफर' हा त्याचा सख्खा भाऊ. स्वाहिलीत सफारी म्हणजे नुसता प्रवास. बहिणीच्या गावी बसने निघालेला माणूसही तिथे सफारीलाच निघालेला असतो. तिच्यात सिंह आणून बसवले ते गोऱ्या शिकाऱ्यांनी. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली तिकडे गेले. त्यांनी व त्यांच्या मुलाने मिळून ५१२ जनावरे मारली आणि त्यांचा नीटस हिशेब छापूनही काढला. (अण्णांना हे गृहस्थ आवडले असते.) सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि आफ्रिकेतली रानम्हैस या पाचांना तिकडे 'बिग फाइव्ह' म्हणतात. पायी शिकार करायला सर्वांत धोक्याची अशी ही पाच जनावरे. केनियाने १९७७ साली शिकार बंद केली. यादी मात्र चालूच राहिली. आम्हांलाही पहिल्याच दिवशी एक छापील कागद मिळाला. जनावर दिसले की त्यापुढे खूण करायची. मी शाळामास्तर; हजेरी घेण्याची सवय हाडीमांसी खिळलेली. बिबट्यापुढची जागा शेवटपर्यंत कोरी राहिली, याचे मला खरोखर दुःख झाले.

आता नदी.

दर वर्षी टांझानियातल्या सेरेंगेटीच्या माळावरून जनावरांचे लोंढे पावसामागे आणि गवतामागे उत्तरेकडे चालत येतात आणि मारा नदी ओलांडून केनियातल्या मसाई माराच्या कुरणात शिरतात. त्यांत झेब्रे असतात, हरणे असतात. पण मुख्य जनावर म्हणजे नू, ज्याला इंग्रज वाइल्डबीस्ट म्हणतात. गाईची शिंगे, घोड्याची शेपटी आणि बोकडाची दाढी असे काहीतरी एकत्र करून ब्रह्मदेवाने उरलेल्या सामानातून ते बनवलेले दिसते. लाखांनी मोजावीत इतकी ही जनावरे. नदीत मगरी टपलेल्या असतात. ती नदी ओलांडताना पाहायला मिळावे म्हणून जगभरातून माणसे येतात, आणि आमची सहल ऑगस्टातली होती ती त्यासाठीच.

आम्ही काठावर पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. पलीकडच्या काठावर कळप जमू लागला होता. आमच्या गाडीत आम्ही दोघे, एक वकील आणि त्यांच्या पत्नी, आणि बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ व त्यांची बहीण अशी सहा माणसे होतो. गाडी चालवणारा तरुण त्याच मुलखातला, मसाई आईचा मुलगा. मी शिक्षक आहे हे कळल्यापासून तो मला 'म्वालिमू' म्हणू लागला होता. म्वालिमू म्हणजे मास्तर. परदेशात एवढ्या आदराने कुणी हाक मारील असे मला वाटले नव्हते, आणि खरे सांगायचे तर मी त्या हाकेवर पुरता खूष होतो.

त्याने गाडी काठापासून बरीच मागे, एका झुडपाआड उभी केली आणि इंजिन बंद केले. तीन तास आम्ही तिथे बसलो. पलीकडे कळप वाढत होता. पुढची जनावरे उतारावरून पाण्यापर्यंत येत, वास घेत, मागे सरत. मागची त्यांना रेटीत. पुन्हा सारे थबकत. एखाद्या आवाढव्य वऱ्हाडाला दारात कुणी आत बोलावू नये तशी त्यांची अवस्था होती. धूळ इतकी की मधूनच सारा काठच नाहीसा होई. झुडपामुळे आम्हांला हे सारे तुकड्यातुकड्यांनी दिसत होते. दरम्यान आणखी गाड्या आल्या. मी एकोणचाळीसपर्यंत मोजल्या आणि मोजणे सोडले. त्यांतल्या काही आमच्या पुढे जाऊन अगदी काठाशी उभ्या राहिल्या.

गाडीत कुरबुर सुरू झाली. "इथून काय दिसणार?" वकीलसाहेब म्हणाले. "एवढे पैसे भरून झुडूप पाहायला आलो का?" इंग्रजी बोलण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले होते. मी त्या तरुणाला म्हटले, "गाडी पुढे घे."

तो म्हणाला, "म्वालिमू, ती नेमकी त्याच वाटेने वर येतात."

"बाकीचे गेले आहेत."

तो काही बोलला नाही. मग मी जे बोललो ते इथे लिहिताना मला लाज वाटते. पण ते लिहायचे नसेल तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हटले, "आम्ही भारतातून आलो आहोत. आम्ही यासाठी पैसे दिले आहेत. पुन्हा आम्ही येणार नाही."

त्याने समोरच्या आरशातून एकदा माझ्याकडे पाहिले, इंजिन चालू केले आणि गाडी काठाशी नेली. आमच्या मागून आणखी दोघेतिघे आले. त्याच सुमारास पलीकडे एक मोठे जनावर छातीपर्यंत पाण्यात उतरले होते आणि त्याच्यामागे दहापंधरा जणांची रांग लागली होती. त्याने मान वर केली. समोर, जिथून चढायचे तिथे, गाड्यांची भिंत उभी होती. ते क्षणभर थांबले आणि वळले. मागचे वळले. मग सगळा काठ वळला. पावसाळ्यात दरड कोसळताना होतो तसा आवाज झाला, धुळीचा लोट उठला, आणि तो खाली बसला तेव्हा पलीकडे एकही जनावर उरले नव्हते.

"संध्याकाळी येतील," तो तरुण म्हणाला. "किंवा उद्या. गवत या बाजूला आहे, सर."

"गेले पैसे फुकट," वकीलसाहेब म्हणाले. आणि माझ्याही मनात पहिला विचार तोच आला होता. चारा संपलेल्या काठावर परत गेलेली ती जनावरे माझ्या मनात आली ती पुष्कळ वेळाने. तोवर आम्ही मुक्कामी पोचलो होतो आणि माझ्या हे ध्यानात आले होते की त्या तरुणाने मला 'सर' म्हटले होते.

मी स्वभावाने दांडगा माणूस नाही. शाळेत मुलेसुद्धा मला फारशी भीत नाहीत. माळशेज घाटात पाऊस पाहायला गेलो आणि धुक्यामुळे काही दिसले नाही, तर मी धुक्यावर रागावत नाही. दोन भजी जास्त खाऊन परत येतो. मग मारा नदीवर मला हे शिंग कुठून फुटले? पैशामुळे, याबद्दल मला शंका नाही. घाट फुकट होता. इथे मसाई माराच्या रानात शिरायलाच परदेशी माणसाला जुलै ते डिसेंबर या महिन्यांत दर दिवशी २०० डॉलर द्यावे लागत होते. हा दर २०२४ सालीच लागू झाला आणि आम्ही नेमके त्या वर्षी गेलो. तेव्हाच्या भावाने हे माणशी जवळजवळ १७,००० रुपये होतात. केनियाच्या नागरिकांना दर पुष्कळ कमी, आणि ते योग्यच आहे. पण दिवसाला १७,००० रुपये मोजलेला माणूस झुडपामागे स्वस्थ बसू शकत नाही. माझ्याने तरी बसवले नाही.

यावर कुणी म्हणेल, मग दर कमी करा म्हणजे माणसे शहाणी होतील. मला तसे वाटत नाही. दर कमी झाला तर काठावर चाळीसच्या जागी चारशे गाड्या उभ्या राहतील. जवळच्या रवांडा देशाने उलटी वाट धरली. तिथल्या डोंगरांत राहणारे गोरिला पाहण्याचा परवाना ७५० डॉलरांना होता; २०१७ साली सरकारने तो एकदम १५०० केला. दिवसातून एका गोरिला-कुटुंबाला आठ माणसे भेटणार, तीही एक तास. माहितीपत्रकात हे प्रथम वाचले तेव्हा मी चिडलो. एका तासाचे सव्वा लाख रुपये! हा काय माकडांचा दरबार आहे? पण पुढचे वाचले तेव्हा राग निवळला. १९८० च्या सुमारास त्या विरुंगा पर्वतराजीत जेमतेम अडीचशे गोरिला उरले होते. २०१८ साली, शेजारच्या युगांडातले बविंडीचे रान धरून, त्यांची गणती १,०६३ भरली. परवान्याचा दर वाढवला तेव्हाच रवांडाने अभयारण्याच्या उत्पन्नातला भोवतालच्या गावांचा वाटा शेकडा पाचावरून दहावर नेला. थोडी माणसे, जास्त पैसा, आणि पैशातला काही भाग डोंगराखालच्या शेतकऱ्याला. हिशेब चोख आहे. मी या महागाईच्या बाजूचा आहे, आणि हे लिहिताना मला संकोच होतो, कारण तेवढे पैसे माझ्याजवळ कधीच येणार नाहीत.

पण त्याही हिशेबात एक रकाना सुटतोच. बविंडीचे रान १९९१ साली राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या ब्याट्वा लोकांना बाहेर काढले. शिकार आणि मध यांवर जगणारी ही ठेंगणी माणसे; त्यांच्यापाशी शेत नव्हते, सातबारा नव्हता, की हे रान आमचे असे दाखवायला कसला कागद नव्हता. गोरिला वाचले याचा मला मनापासून आनंद आहे. पण ते वाचवण्याची किंमत फक्त डॉलर मोजणाऱ्यांनी दिली, असे मात्र म्हणता येत नाही.

नदीच्या प्रसंगानंतर दुसऱ्या दिवशी आम्ही राखीव रानाच्या बाहेरून चाललो होतो. त्या तरुणाशी बोलायला मला धीर होत नव्हता, पण सौ. त्याच्या शेजारी बसली होती आणि ती मोडक्या इंग्रजीत त्याची सगळी माहिती काढीत होती. आई काय करते, भावंडे किती, लग्न ठरले का. त्यातून कळले की आजूबाजूची ही सारी जमीन मसाई कुटुंबांची. पुष्कळ कुटुंबांनी आपापले तुकडे एकत्र करून ते पर्यटनाचा धंदा करणाऱ्यांना ठराविक मुदतीने दिलेले आहेत. तिथे कुंपण घालायचे नाही, शेती करायची नाही, जनावरांना मोकळे फिरू द्यायचे. त्याच्या आईच्या नावावरही असा एक तुकडा आहे. दर महिन्याला तिच्या फोनवर पैसे येतात. २०२० साली करोनाने प्रवासी बंद झाले तेव्हा ते कमी झाले होते. मामाच्या तीन गाई मात्र एका रात्रीत सिंहिणींनी फाडल्या. भरपाईचा कायदा आहे.

"मग मिळाली का भरपाई?" सौ.ने विचारले.

"अर्ज दिला आहे," तो म्हणाला. आणि त्या एका वाक्याने आम्हां सगळ्यांना तो माणूस आपल्या तालुक्यातला वाटला.

आईला जे पैसे येतात त्यासाठी त्याने 'रेंट' हा शब्द वापरला. भाषांतर करण्याची माझी खोड जुनी. मनात 'भाडे' आले, पण ते बसेना. खोलीचे भाडे, सायकलचे भाडे. जमिनीचा असतो तो खंड. आणि त्या शब्दाबरोबर माझे आजोबा डोळ्यांपुढे उभे राहिले.

आजोबा कूळ होते. दुसऱ्याच्या जमिनीत भात पिकवायचे आणि दरसाल सुगी झाली की खंडाचे भात बैलगाडीत घालून मालकाच्या वाड्यावर पोचते करायचे. कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ चा कृषिदिन उजाडला आणि पुढे यथावकाश ती जमीन त्यांच्या नावावर झाली. पण म्हातारपणीसुद्धा त्या वाड्यासमोरून जाताना ते पायांतल्या वहाणा काढीत. हे योग्य होते असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो, की खंड घालून आलेले आजोबा घरी येऊन 'पैसे वसूल झाले' असे कधी म्हणाले नसते. खंड वसूल करतो तो मालक. कुळाने तो द्यायचा, आणि जमीन राखायची.

मला वाटते, आपण तिकडे जे डॉलर भरतो तो खंड आहे. आपल्याला वाटते की आपण सिंह विकत घेतले, दर नगास १८,७१० रुपये. प्रत्यक्षात आपण कुणाच्या तरी गवतावर सात दिवस बसण्याचा खंड दिलेला असतो. तो महाग आहे का, हा प्रश्न मग निराळा होतो. खंड बरोबर माणसाच्या हाती पडतो का, हे पाहावे लागते, आणि इथे गोष्ट फार अवघड होते. कारण मालक कोण हेच ठरत नाही.

सेरेंगेटीचेच घ्या. ते १९५१ साली राष्ट्रीय उद्यान झाले. तेव्हा टांगानिका इंग्रजांच्या ताब्यात होता. १९५८ साली मसाईंच्या काही वडीलधाऱ्यांकडून, आम्ही हा प्रदेश सोडतो, अशा करारावर सह्या घेतल्या गेल्या आणि १९५९ मध्ये त्यांना तिथून शेजारच्या गोरोंगोरोच्या मुलखात हलवले. त्याच वर्षी बर्नहार्ड ग्झिमेक या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाचा सेरेंगेटीवरचा गाजलेला चित्रपट आला. तो काढताना त्यांचा तरुण मुलगा मिखाएल विमान कोसळून मरण पावला. त्याला गोरोंगोरोच्या कड्यावर पुरले आहे. हे बापलेक ढोंगी नव्हते. त्या जनावरांसाठी एकाने प्राण दिला आणि दुसऱ्याने उरलेले आयुष्य. त्यांच्या कामाने सेरेंगेटी वाचली हेही खरे. पण ज्या वर्षी जगाने तो माळ पडद्यावर पाहिला त्याच वर्षी तिथल्या गुराख्यांनी तो सोडला.

१९६१ साली देश स्वतंत्र झाला. त्याचे पहिले नेते जूलियस न्येरेरे हे मुळात शाळामास्तर. सारा देश त्यांना 'म्वालिमू'च म्हणे. मला व्यक्तिशः जनावरांत फारसा रस नाही, सुटी काही मी मगरी पाहण्यात घालवणार नाही. पण ती जगली पाहिजेत, कारण हिरे आणि घायपात यांच्या खालोखाल तीच आपल्याला उत्पन्न देतील, अशा आशयाचे बोलणे त्यांच्या नावावर सांगितले जाते. मला या माणसाचा रोखठोकपणा आवडतो. गरीब देशाच्या कारभाऱ्याने रानाकडे पाहून उगाच उसासे टाकले नाहीत; मुलांच्या शाळा कशावर चालवायच्या याचा विचार केला. आणि तरीही २०२२ च्या जूनमध्ये, सेरेंगेटीला लागून असलेल्या लोलियोंडोत १,५०० चौरस किलोमीटर जमिनीवर सरकारने हद्दीचे खांब रोवायला घेतले तेव्हा मसाई आणि पोलीस यांची चकमक झाली. एक पोलीस बाण लागून मेला, कित्येक मसाई जखमी झाले, अनेकजण सरहद्द ओलांडून केनियात पळाले. त्याच वर्षी गोरोंगोरोतल्या कुटुंबांना दूर हांडेनी जिल्ह्यात हलवायला सुरुवात झाली. म्हणजे १९५९ साली ज्यांना सेरेंगेटीच्या बदल्यात गोरोंगोरो दिले त्यांच्याच नातवंडांना आता तिथूनही जा म्हणायचे. हे आपल्याला अगदीच परके वाटायला नको. आपल्या ताडोब्याच्या जंगलातूनही वाघांसाठी गावे उठली आहेत आणि आपण तिथल्या जिप्सीत बसून वाघाची वाट पाहतो.

मालक कोण? सरकार, जिल्हा परिषद, मसाई, की ते दाढीवाले नू? मला उत्तर सापडलेले नाही. मालक मी नव्हतो, एवढे नक्की; आणि नदीवर मी मालकासारखा बोललो.

शेवटच्या दिवशी नैरोबीत मंडळी खरेदीला गेली आणि आम्ही दोघे रेल्वेचे संग्रहालय पाहायला गेलो. तिथे एक जुना डबा आहे. १९०० साली किमा नावाच्या स्टेशनात, नरभक्षक सिंहाला मारण्यासाठी या डब्यात दबा धरून बसलेल्या रायल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला झोप लागली आणि सिंहाने आत शिरून त्यालाच ओढून नेले. ही मोंबासापासूनची रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधली ती हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांनी. बत्तीस हजारांच्या आसपास माणसे, बहुतेक पंजाबातली. पुढे कचेऱ्यांतून गोव्याचे कारकूनही आले. मजुरांतली सुमारे अडीच हजार तिथेच मेली, म्हणजे रुळांच्या दर मैलामागे जवळजवळ चार. हिवतापाने, आमांशाने, अपघाताने; आणि त्सावो नदीच्या पुलावर १८९८ साली दोन सिंहांनी काही खाल्ली. त्या सिंहांना कर्नल पॅटरसनने मारले. त्यांची कातडी पाव शतक त्याच्या घरात जमिनीवर अंथरलेली होती. मग शिकागोच्या फील्ड म्युझियमने ती ५,००० डॉलरांना घेतली आणि पेंढा भरून उभी केली. सिंहांची किंमत अशी पक्की नोंदलेली आहे. नेमकी किती माणसे त्यांनी खाल्ली, यावर अजून वाद चालू आहे.

सौ. त्या डब्यापाशी बराच वेळ उभी होती. बाहेर आल्यावर तिने पर्समधून मण्यांची एक माळ काढली. मसाई बायांच्या वस्तीत ती घेतली होती. बाईने २,००० शिलिंग सांगितले होते, आमच्या सौ.ने मंडईतली सारी विद्या पणाला लावून ती माळ ७०० ला पाडली, आणि गाडीत सगळ्यांनी तिचे कौतुक केले होते.

"अहो," ती म्हणाली, "त्या बाईने शेवटी नुसते माझ्याकडे पाहिले आणि माळ हातात ठेवली. मी भांडून घेतली म्हणून नाही दिली तिने. दमली होती ती."

माळ कपाटात आहे. अजून ती एकदाही तिच्या गळ्यात मी पाहिलेली नाही.

विमानतळावर त्या तरुणाने आमच्या बॅगा उतरवून दिल्या. मी त्याच्या हाती रीतीप्रमाणे पाकीट ठेवले, रीतीपेक्षा थोडे जास्त घालून. तो काय म्हणून निरोप घेतो याकडे माझे कान लागले होते.

"क्वाहेरी, सर," तो हसून म्हणाला. सौ.ला मात्र तो 'मामा' म्हणाला. त्यांच्या भाषेत मामा म्हणजे आई.

परवा अण्णा पुन्हा आले. या वेळी बरोबर डायरी होती. इकडेतिकडे पाहून, काकू ऐकत नाहीत अशी खात्री करून घेऊन म्हणाले, "मास्तर, त्या सहलवाल्यांचा नंबर द्या. हिला एकदा विमानात बसवायचे आहे. जन्मभर पासावर फिरवली, पण एस.टी. काही समुद्र ओलांडत नाही."

मी नंबर दिला. किती गरम कपडे न्यायचे, चहा कसा मिळतो, जेवणात डाळ असते का, सगळे सांगितले. जायचे असेल तर जरूर जा, असेही म्हटले. ते मला मनापासून वाटते. मग म्हटले, "आणि अण्णा, नदीवर पोचलात की गाडी मागेच ठेवायला सांगा."

"मागून दिसते?"

"नाही. मध्ये झुडूप येते."

अण्णांनी पेनाचे टोपण काढले, डायरीच्या पानावर उभी रेघ मारली आणि उजव्या बाजूच्या कोऱ्या जागेकडे पाहत राहिले. "मग या रकान्यात मी लिहू काय?"

मला काही सुचेना. सौ. चहाचे कप उचलायला बाहेर आली होती. ती म्हणाली, "धूळ लिहा, अण्णा. धूळ दिसते मागूनसुद्धा."